दीडशे अक्षरांत मावणारे काम

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे सोलापूर–विजयपूर राष्ट्रीय महामार्गावरचे, सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले मोठे गाव असून, तालुक्याचे तहसील कार्यालय सोलापूर शहरात असल्यामुळे या भागासाठी मंद्रूप येथे अप्पर तहसील कार्यालय चालते. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे काही आठवडे अशा गावात दाखल्यांचे असतात: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वय-अधिवास, नॉन-क्रीमिलेअर, शाळेचे बोनाफाईड. महा ई-सेवा केंद्रात बसून भरल्या जाणाऱ्या प्रवेश-अर्जात विद्यार्थ्याला स्वतःविषयी एकही पूर्ण वाक्य लिहावे लागत नाही. गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम यांवर यादी लागते, आणि वर्गाबाहेर त्याने काय केले हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. सोनिपतचे अशोका विद्यापीठ, पुण्याचे फ्लेम विद्यापीठ, मुळशीचे युनायटेड वर्ल्ड कॉलेज किंवा अमेरिकेतील बहुतेक नामांकित महाविद्यालये यांचे अर्ज मात्र हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे सरकत नाहीत. मंद्रूपसारख्या गावातला विद्यार्थी या दुसऱ्या प्रकारच्या अर्जापाशी अडतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही म्हणून तो अडतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. तो वर्षानुवर्षे जे करत आला, त्याची 'उपक्रम' म्हणून नोंद ठेवण्याची सवय त्याला, त्याच्या घराला किंवा शाळेला कोणी लावलेली नाही, हे खरे कारण आहे.

अभ्यासेतर किंवा सहशालेय उपक्रम या संज्ञेत खेळ, संगीत, नाटक, चित्रकला, वक्तृत्व, राष्ट्रीय छात्र सेना, स्काउट-गाइड, समाजसेवा यांचा समावेश सर्वत्र होतो, आणि महाराष्ट्राच्या शालेय व्यवस्थेने त्यांची दखलच घेतली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचल्या आहेत, आणि इंटरमीजिएटमध्ये अ श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला दहावीत ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. शालेय क्रीडा स्पर्धांतील यशासाठी स्तरानुसार कमाल २५ गुणांची तरतूद आहे. शास्त्रीय गायन, वादन व नृत्याच्या परीक्षा आणि लोककलेचे प्रयोग यांनाही गुण आहेत, आणि लोककलेच्या बाबतीत ते केलेल्या प्रयोगांच्या संख्येवर ठरतात. बोलीत या सगळ्याला 'ग्रेस मार्क' असे सरसकट नाव आहे. हे गुण टक्केवारीत मिसळतात आणि टक्केवारी अकरावीच्या प्रवेशात कामाला येते. २०२५ च्या दहावीच्या निकालात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले होते, आणि सर्वोत्तम पाच विषयांच्या जोडीला हे वाढीव गुण नसते तर शंभरीचा असा मेळा भरला नसता.

या योजनेमागचा हेतू चांगला आहे, पण तिने घरोघरी एक हिशेब रुजवला आहे: उपक्रम म्हणजे प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्र म्हणजे गुण. दहावीचा निकाल लागला की तबल्याची परीक्षा, रेखाकलेची वही आणि लेझीमचे पथक यांची उपयुक्तता संपते, कारण पुढच्या टप्प्यावर त्यांना विचारणारे कोणी नसते. राज्याची सीईटी असो वा ७२० गुणांची नीट, तेथे निर्णय परीक्षेच्या गुणांवरच होतो. क्रीडापटूंसाठीच्या राखीव जागा हा याला थोडासा अपवाद आहे. आयआयटी मद्रासने २०२४–२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात क्रीडानैपुण्यासाठी दोन अधिसंख्य जागा, म्हणजे मंजूर संख्येच्या वरच्या जागा ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी कलांसाठीही तशीच सोय केली. परंतु तेथेही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव असावेच लागते. दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासेतर कोट्यात प्रत्यक्ष चाचणी देऊन कौशल्य दाखवावे लागते. या सर्व व्यवस्थांत उपक्रम हा गुणांना जोडलेला एक वाढीव रकाना आहे. विद्यार्थी कोण आहे हे समजून घेण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहिले जात नाही.

दुसरी पद्धत, जिला 'समग्र मूल्यमापन' म्हणतात, तिच्यात गुण, निबंध, शिक्षकांची पत्रे, घरची परिस्थिती आणि उपक्रम हे सगळे एकत्र ठेवून एक किंवा अनेक परीक्षक अर्ज वाचतात आणि निर्णय घेतात. ही पद्धत ऐकायला उदार वाटते, पण तिचा जन्म उदारपणातून झालेला नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथे केवळ परीक्षेच्या गुणांवर ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा 'चारित्र्य', 'नेतृत्व' आणि खेळातील सहभाग असे मोघम निकष पुढे आणून ती संख्या रोखण्यात आली. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' या २००५ च्या ग्रंथात या इतिहासाची सविस्तर मांडणी केली आहे. ज्या रकान्यांचा उपयोग एकेकाळी दार लावण्यासाठी झाला, तेच रकाने आज दूरच्या गावातल्या विद्यार्थ्याला आत येण्याची एक वाट देतात, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. अर्थात ती वाट सर्वांना सारखी रुंद नाही. घोडेस्वारी, नौकानयन, परदेशातले उन्हाळी अभ्यासवर्ग आणि शुल्क भरून मिळणारे 'संशोधन प्रकल्प' यांची जमवाजमव ज्या घरांना परवडते, त्यांचे अर्ज भरलेले दिसतात, आणि मुंबई-पुण्यात असे अर्ज घडवून देणाऱ्या सल्लागारांचा धंदा त्यावरच उभा आहे.

अमेरिकेतील एक हजारांहून अधिक महाविद्यालये ज्या सामाईक अर्जातून प्रवेश देतात तो 'कॉमन अ‍ॅप' १९७५ मध्ये १५ महाविद्यालयांनी मिळून सुरू केला. त्यात उपक्रमांसाठी दहा जागा असतात. प्रत्येक जागेत आधी उपक्रमाचा प्रकार यादीतून निवडायचा, मग आपली भूमिका ५० अक्षरांत, संस्थेचे नाव १०० अक्षरांत आणि कामाचे वर्णन १५० अक्षरांत लिहायचे, कोणत्या इयत्तांत ते केले हे सांगायचे, आणि आठवड्याला किती तास व वर्षाला किती आठवडे हे आकडे भरायचे. अक्षरे मोजताना मोकळी जागा आणि विरामचिन्हेही धरली जातात. सन्मान व पारितोषिकांसाठी पाच वेगळ्या ओळी आहेत. या भागात प्रमाणपत्र जोडायला कोठेही जागा नाही. ज्या विद्यार्थ्याने आठवीपासून प्लास्टिकच्या पाकिटांची जाड फाइल जपली आहे, त्याला हा पहिला धक्का असतो. फाइलीतल्या चाळीस कागदांपैकी तीस कागद एकेका दिवसाच्या स्पर्धांचे असतात, आणि अर्ज विचारतो ते तास, आठवडे आणि वर्षे.

प्रकारांच्या त्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'मोबदल्याचे काम' असे दोन पर्याय आहेत, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून 'टर्निंग द टाइड' या नावाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने महाविद्यालयांना असे सुचवले की, धाकट्या भावंडांना सांभाळणे किंवा घरखर्चासाठी काम करणे यांना इतर उपक्रमांच्या बरोबरीने मान द्यावा आणि उपक्रमांच्या लांबलचक याद्यांना उत्तेजन देऊ नये. एमआयटी आपल्या स्वतंत्र अर्जात उपक्रमांच्या चारच जागा देते. मंद्रूपच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही माहिती फाइलीतल्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा मोलाची आहे.

मंद्रूप आणि परिसरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दिवसभरात काय काय करते, याची मोजदाद या निकषांनी केली तर चित्र बरेच वेगळे दिसते. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते, त्या आठवड्यात मोटर चालू करायला आणि पाणी फिरवायला घरातला शिकणारा मुलगाच अनेकदा जातो; वीजपुरवठ्याच्या वेळा, विहिरीची पातळी आणि उसाच्या सऱ्या यांचा मेळ घालणे हे नियोजनाचे काम आहे, पण कोणत्याही प्रमाणपत्रावर ते येत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालताना फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनघटक, यांवर दर ठरतो, आणि पावतीवरचे आकडे वहीत उतरवून कोणत्या पेंडीने फॅट वाढले हे ताडून पाहणाऱ्या मुलीने जे केले त्याला शहरातल्या शाळेत 'डेटा अ‍ॅनालिसिस' म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामात वाहनांची पाळी लावणे, द्राक्षबागेत थिनिंगला माणसे मिळवणे, दुकानाच्या उधारीची वही सांभाळणे ही कामेही त्याच जातीची.

भाषेची बाब तर विशेष आहे. भीमेपलीकडे कर्नाटक सुरू होते, आणि या पट्ट्यात घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी किंवा दख्खनी अशी तीन भाषांची ये-जा अनेक कुटुंबांत रोजची आहे. आजीला बँकेची स्लिप भरून देणे, दवाखान्यात कन्नडच बोलणाऱ्या नातेवाइकाचे दुखणे डॉक्टरांना मराठीत सांगणे, अप्पर तहसीलमध्ये शेजाऱ्याचा अर्ज वाचून त्याचा अर्थ उलगडणे, हे दुभाष्याचे काम विद्यार्थी न कळत करत असतो. अर्जातील 'भाषा' या रकान्यात तो मराठी, हिंदी, इंग्रजी असे लिहून मोकळा होतो आणि कन्नड वगळतो, कारण ती शाळेत विषय नव्हती.

परंपरेतल्या कलांची स्थिती याहून वेगळी नाही. धनगरी ओव्या, गजीनृत्य, भजनी मंडळातला पखवाज आणि गणेशोत्सवातले लेझीम या कला सोलापूर जिल्ह्यात जिवंत आहेत. मंगळवेढा तालुक्यातील हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते आणि पालख्यांच्या भेटीचा सोहळा होतो, तेव्हा ढोल वाजवणाऱ्या पथकांतही शाळकरी मुले असतात. पाच वर्षे ढोल वाजवलेल्या मुलाने 'छंद : वाचन, संगीत ऐकणे' असे लिहिणे म्हणजे घरात धान्याची कणगी असताना दारोदार पीठ मागण्यासारखे आहे. हत्तरसंग कुडल येथील भीमा-सीना संगमावरचे संगमेश्वर मंदिर, तेथील ३५९ मुखांचे शिवलिंग आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जाणारा शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख हे सगळे याच तालुक्यात आहे, आणि इतिहासाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला तेथे दर रविवारी जाऊन पर्यटकांना माहिती सांगण्यासाठी कोणाचीही परवानगीची चिठ्ठी लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला आणि काठच्या गावांची वाताहत झाली. त्या दिवसांत जनावरे हलवणे, धान्य वाटपाच्या याद्या करणे, पंचनाम्यासाठी छायाचित्रे जमवणे ही कामे तरुण मुलांनीही केली. त्यांची तारीखवार नोंद त्या वेळी ठेवली गेली असती, तर ती कोणत्याही अर्जात ठळकपणे मांडता आली असती.

मांडणीचे तंत्र समजण्यासाठी एका कल्पित विद्यार्थिनीचे उदाहरण जवळून पाहता येईल. तिची आई 'उमेद' अभियानातील महिला बचत गटात आहे. अशा गटांना पंचसूत्री पाळावी लागते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि लेख्यांची नोंद. पाचवे सूत्र बहुतेक गटांत अडते, कारण लिहिणारे हात कमी असतात, आणि ते काम आठवीपासून ही मुलगी करते. अर्ज भरताना तिच्या मनात पहिल्यांदा येणारे वाक्य साधारणपणे असे असेल: 'महिला सक्षमीकरणाच्या क्षेत्रात बचत गटाच्या माध्यमातून सक्रिय सहभाग घेऊन मोलाचे सामाजिक योगदान दिले.' हे वाक्य स्नेहसंमेलनाच्या अहवालातून आलेले आहे. त्यात तिने केलेले एकही काम दिसत नाही, आणि तेच वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातली कोणतीही मुलगी लिहू शकते.

हीच नोंद पुन्हा लिहिताना भूमिकेच्या जागी 'गटाची हिशेबनीस, विनावेतन', प्रकाराच्या जागी समाजसेवा किंवा कौटुंबिक जबाबदारी, आणि वर्णनाच्या जागी असे लिहिता येईल: 'दहा महिलांची बचत, कर्ज, हप्ते दर आठवड्याला लिहिते; इतिवृत्त मोठ्याने वाचते; व्याजाची जुनी चूक शोधून दुरुस्त केली.' हे दीडशे अक्षरांच्या आत बसते. त्यात चार क्रियापदे आहेत आणि विशेषण जवळजवळ नाही. दहा हा आकडा छोटा आहे, पण खरा आहे. इतिवृत्त 'मोठ्याने वाचते' या दोन शब्दांतून गटातल्या काही बायकांना वाचता येत नाही आणि तरीही व्यवहार सर्वांसमोर उघड राहतो, ही माहिती न सांगता मिळते. व्याजाची चूक शोधणे हा त्या नोंदीतला सर्वांत वजनदार भाग, कारण तेथे गणित, धिटाई आणि वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत हे तिन्ही एकत्र येतात. तिला निबंध लिहायचा असेल तर त्याचा विषय येथेच दडलेला आहे. आठवड्याला २ तास आणि वर्षाला ४० आठवडे हे आकडे त्याखाली आले की परीक्षकाला वर्षाचे ८० तास आणि चार वर्षांचे सातत्य एका नजरेत कळते. अर्ज अर्थातच इंग्रजीत भरावा लागतो, परंतु मजकूर आधी मराठीत असा तासून घेतला आणि मग त्याचे भाषांतर केले, तर इंग्रजीच्या धास्तीने सुचणारी पोकळ वाक्ये बरीचशी टळतात. थेट इंग्रजीत लिहायला बसलेला विद्यार्थी जे लिहिता येते ते लिहितो. जे केले ते बाजूला राहते.

विविधतेचा प्रश्न यानंतर येतो. दहा जागा आहेत म्हणून दहाही भरल्या पाहिजेत, आणि त्यांत एक खेळ, एक वाद्य, एक समाजसेवा, एक नेतृत्व असा ताटातल्या पदार्थांसारखा समतोल हवा, अशी समजूत सल्लागारांच्या माहितीपत्रकांनी पसरवली आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयाला विविधता हवी असते ती संपूर्ण वर्गात. प्रत्येक विद्यार्थी हरहुन्नरी असावा अशी त्याची अपेक्षा नसते. खो-खो खेळणारी, गटाचा हिशेब लिहिणारी आणि हलगी वाजवणारी मुलगी एकच असेल, तर या तीन गोष्टींना ओढूनताणून 'नेतृत्वगुण' या एका दोरीत ओवण्याचे कारण नाही. माणसे अशीच असतात आणि अनुभवी वाचकाला ते ठाऊक असते. क्रम मात्र विचारपूर्वक लावावा लागतो. ज्या कामाला सर्वाधिक वर्षे आणि सर्वाधिक जीव दिला ते वर, आणि एका दिवसाच्या तालुकास्तरीय निबंधस्पर्धेचे दुसरे पारितोषिक उपक्रमांतून काढून सन्मानांच्या ओळीत, तेही जागा उरली तर. पाच प्रामाणिक नोंदी असलेला अर्ज दहा फुगवलेल्या नोंदींपेक्षा वाचायला बरा असतो, हे कोणत्याही शिक्षकाने एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

ब्रिटनची रीत याहून वेगळी आहे आणि ती वेगळी ओळखली पाहिजे. तेथील 'युकास' या मध्यवर्ती व्यवस्थेने २०२६ च्या प्रवेशापासून जुन्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत. उत्तरांची एकूण मर्यादा पूर्वीप्रमाणेच ४,००० अक्षरांची आहे, आणि तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर कोणती तयारी केली हा आहे. येथे तयारी म्हणजे निवडलेल्या विषयाची तयारी. कृषिविज्ञानासाठी अर्ज करणाऱ्याने दुधाच्या वहीबद्दल लिहावे, ढोलाबद्दल लिहिण्यात मतलब नाही. अमेरिकेच्या अर्जात ढोल पहिल्या क्रमांकावर शोभेल.

खोटेपणाचा मोह दोन्ही व्यवस्थांत आहे, फक्त त्याची रूपे निराळी आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ बनावट प्रमाणपत्रांवर घेतल्याची प्रकरणे उघडकीस आली, कारण येथे सगळा भरवसा कागदावर आहे आणि कागद विकत मिळतो. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये 'व्हर्सिटी ब्लूज' या नावाने गाजलेले प्रकरण बाहेर आले. रिक सिंगर या मध्यस्थाने धनिकांच्या मुलांना न खेळलेल्या खेळांतले खेळाडू म्हणून पुढे केले, त्यासाठी छायाचित्रे बनवली, प्रशिक्षकांना पैसे पोहोचवले, आणि २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. सामाईक अर्जाच्या अखेरीस विद्यार्थी सर्व मजकूर खरा असल्याचे लिहून देतो, आणि तो खोटा ठरला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. किरकोळ फुगवटा पकडायला तर चौकशीही लागत नाही. दहा उपक्रमांना आठवड्याला दहा-दहा तास लिहिले की बेरीज शंभर होते, आणि शाळा, क्लास, झोप यांसाठी आठवड्याच्या १६८ तासांतले ६८ उरतात. बेरीज वाचणाऱ्यालाही करता येते.

गावातल्या विद्यार्थ्याकडून होणारी चूक बहुधा उलट दिशेची असते. तो कमी सांगतो. घरचे काम सांगणे म्हणजे गरिबीचे प्रदर्शन, अशी त्याची आणि त्याच्या वडिलांची भावना असते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेतात राबणे किंवा आईसोबत विड्या वळणे यांची नोंद दयेची याचना म्हणून लिहिली तर ती खरोखरच वाईट वाचते. तीच नोंद कौशल्य, वेळ आणि जबाबदारी यांच्या भाषेत लिहिली, तर परिस्थितीचे वर्णन वेगळे करावे लागत नाही. परिस्थितीच सांगायची असेल तर अर्जात त्यासाठी स्वतंत्र जागा असते. दोन्हींची सरमिसळ करू नये, एवढे पथ्य पुरे.

पदवीच्या स्तरावर परिस्थिती थोडी बदलते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या चार सत्रांत सहअभ्यासक्रमांसाठी प्रत्येकी २ श्रेयांक ठेवले आहेत. श्रेयांक म्हणजे ठरावीक तासांच्या कामाला दिलेले शैक्षणिक मोल. त्याशिवाय लोकसहभागाचे आणि क्षेत्रीय प्रकल्पांचे वेगळे श्रेयांक आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले, त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतही हीच रचना लागू आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू असून तिच्यात दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. कागदावर ही सगळी सामग्री उत्तम आहे. व्यवहारात मात्र शिबिराच्या दैनंदिनीत 'श्रमदान केले, व्याख्यान ऐकले, सांस्कृतिक कार्यक्रम झाला' अशा ओळी सातही दिवस उतरवल्या जातात, आणि दहावीतला गुणांचा हिशेब श्रेयांकांच्या रूपाने पदवीपर्यंत चालत येतो. त्याच दैनंदिनीत कोणत्या ओढ्यावर किती मीटरचा बंधारा घातला, तो पावसानंतर टिकला का, हे लिहिले तर पदव्युत्तर अर्जासाठी वेगळी तयारी करावी लागणार नाही.

या तयारीची गरज आता कल्पनेतली राहिलेली नाही. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी शिक्षणासाठी साहाय्य मिळते, पण आधी विद्यापीठाचा प्रवेश मिळवावा लागतो आणि तो अर्जावरच मिळतो. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यात स्वयंसेवी कामही धरले जाते. हे तास मोजून ठेवलेले नसतील तर नंतर आठवून भरता येत नाहीत. स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये विदर्भात सुरू केलेले 'एकलव्य' हे काम पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी घडवते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, तेव्हाही एका छोट्या शाळेतले काम जगाला समजेल अशा रीतीने लिहून मांडले गेले होते.

अडचणीची शेवटची जागा शाळेचे पत्र ही आहे. सामाईक अर्जाला शाळेचा अहवाल आणि शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात, आणि शहरातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत त्यासाठी पूर्णवेळ समुपदेशक नेमलेला असतो. मंद्रूप परिसरातल्या विद्यालयात हे काम मुख्याध्यापकांकडे किंवा वर्गशिक्षकांकडे येते, आणि 'सदर विद्यार्थी आमच्या विद्यालयात शिकत असून त्याची वर्तणूक चांगली आहे' हा बोनाफाईडचा साचा त्यांच्या हातात बसलेला असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण याहून वेगळे पत्र आजवर कोणी मागितलेले नाही. विद्यार्थ्याने अकरावीपासून ठेवलेली नोंदवही त्यांच्या हाती दिली, त्यात तारखा, तास, सोबत काम करणाऱ्यांची नावे आणि अडलेल्या प्रसंगांच्या दोन-दोन ओळी असल्या, तर पत्रात काय लिहावे हा प्रश्न निम्मा सुटतो. मुख्याध्यापकांनी ते मराठीत लिहावे आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करावे, यात काही वावगे नाही. सरपंचांचा शिक्का किंवा आमदारांचे शुभेच्छापत्र या अर्जाला कामाचे नाही. बचत गटाच्या अध्यक्षा, डेअरीचे सचिव किंवा भजनी मंडळाचे बुवा यांनी सांगितलेला एखादा प्रसंग शिक्षकांच्या पत्रात आला तर तो कामाचा आहे.

वेळेचे गणितही जमवावे लागते. सामाईक अर्ज १ ऑगस्टला खुला होतो, लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमारास आणि नियमित फेरीची जानेवारीच्या आरंभी संपते. त्याच काळात सहामाही परीक्षा, साखर कारखान्यांचा हंगाम, बारावीची तयारी आणि सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा येते, आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा सुरू होते. परदेशी विद्यार्थ्यांची आर्थिक गरज लक्षात न घेता प्रवेश ठरवून नंतर ती पूर्ण भागवणाऱ्या संस्था हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्याच आहेत आणि तेथील स्पर्धा भयंकर आहे; म्हणून अशोका किंवा फ्लेमसारख्या देशातल्या संस्थांचे अर्ज, त्यांच्या शिष्यवृत्त्यांच्या अटी वाचून, त्याच नोंदवहीवरून समांतर भरणे शहाणपणाचे ठरते. सीईटीचा अर्ज तर भरायचाच असतो. त्यासाठीचे दाखले मात्र अप्पर तहसीलमधून वेळेत काढून ठेवावेत, कारण जूनमध्ये तेथे रांग लागते.